हॉलमधली ओल

मासे आमच्या लेकीचे. ती शिकायला पुण्याला गेली आणि काचेची टाकी, तिचा फिल्टर, माशांच्या खाण्याची डबी, सगळं माझ्यावर आलं. टाकी हॉलमध्ये भिंतीला लागून लोखंडी स्टँडवर होती आणि तिच्या शेजारी माझ्या सासऱ्यांची कॉट. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, तसं मीही म्हणते. मामा मूळचे सांगोल्याकडचे. सगळं आयुष्य मेंढरांमागं आणि कोरडवाहू रानात गेलेलं. सासूबाई गेल्यावर गावाकडच्या घराला कुलूप लावून आम्ही त्यांना सोलापूरला आणलं. यायला ते तयार नव्हते. पण आले आणि कुणाला त्रास होणार नाही अशा बेताने राहायला लागले. चहा हवा असला तरी मागायचे नाहीत. मी स्वतःसाठी ठेवेन तेव्हा, ‘घोटभर मला बी’ एवढंच.

नवरा श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीला. गळीत हंगाम सुरू झाला की तिकडेच राहतो, जमेल त्या आठवड्याला येतो. त्यामुळे थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत घरात आम्ही दोघंच. मी दुपारी हॉलमध्ये शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. मुलं सतरंजीवर बसतात, मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडतात किंवा बाहेरच्या पायरीवर जाऊन बसतात.

शिवरात्रीच्या आसपास एके दिवशी सकाळी केर काढताना कॉटखालची फरशी ओली दिसली. मी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल. तिसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तेव्हा मामा आधीच उठलेले होते. कॉटच्या कडेला गुडघ्यावर बसून स्वतःच्या टॉवेलने फरशी पुसत होते. मला बघून त्यांनी टॉवेल पाठीमागे धरला. मीही काही बघितलं नाही असं दाखवून स्वयंपाकघरात गेले.

त्या क्षणी आम्हा दोघांनाही काय झालंय ते कळलं, असं मला वाटलं. त्यांनाही तेच वाटलं. तिथूनच सगळं चुकत गेलं.

सुनेनं सासऱ्याशी असल्या गोष्टी कशा बोलायच्या? नवरा असता तर तो बोलला असता. मी बोलले नाही, नुसती कामं वाढवली. कॉटवरून लोंबणारं चादरीचं टोक सकाळी ओलं असायचं, म्हणून रोज चादर बदलू लागले. फरशीला फिनेल लावू लागले. खोलीत एक शिळा, कुबट वास राहायला लागला होता, तो जाईना. उदबत्ती लावली तर दोन्ही वास एकमेकांत मिसळून आणखी वाईट. मामा पहाटे उठून आपलं धोतर आपणच धुवायला लागले. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, साठवलेलं पाणी जपून वापरावं लागतं. बाथरूममधून बादलीचा आवाज आला की माझ्या मनात पहिला विचार पाण्याचा यायचा, मग त्यांचा.

संध्याकाळचं पाणी त्यांनी बंद केलं. मग दुपारचा चहा. जेवताना भाकरी कोरडी अडकायची, तरी तांब्याला हात लावायचे नाहीत. मी विचारलं, “मामा, पाणी देऊ का?”

“नगं. तहान न्हाय.”

मार्चातलं सोलापूर आणि तहान नाही! मला सगळं समजत होतं. तरी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाणी कमी प्यायले तर फरशी कोरडी राहील, हे माझ्याही मनात होतं.

एका दुपारी शिकवणीच्या मुलीला न्यायला तिची आई आली. दारातच उभी राहिली, आत बघितलं, नाकाशी पदर नेला आणि म्हणाली, “काकू, कसला हो वास येतोय?”

मुलं वर बघायला लागली. मला वाटलं, आता ही बाहेर जाऊन चार जणींना सांगेल, मुलं यायची बंद होतील. मी हसत हसत म्हटलं, “मामांचं वय झालंय ना आता. चालायचंच.”

मामा कॉटवर होते. भिंतीकडे तोंड, डोक्यावरून चादर. झोपले असतील असं मी धरून चालले. ती बाई “अगं बाई, हो का” असं म्हणून मुलीला घेऊन गेली. मामांची चादर हलली नाही.

त्याच आठवड्यात मी मेडिकलमधून मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आणलं. हातात द्यायचा धीर झाला नाही. ते पायरीवर बसले होते तेव्हा त्यांच्या उशीखाली ठेवून दिलं, पाकिटावरचं चित्र वर दिसेल असं. रात्री ते पाकीट तिथं नव्हतं. सकाळी फरशी पुन्हा ओली. कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात बांधलेली घडी सापडली, उघडून बघितली तर डायपर कोरडा. दुसऱ्या दिवशीही तसाच. मला राग आला. मी एवढं करते आणि हे घालतसुद्धा नाहीत, नुसतं टाकून देतात! मी नवऱ्याला फोन केला आणि जे मनात साठलं होतं ते सगळं सांगितलं.

तो वडिलांना आबा म्हणतो. म्हणाला, “दे आबांना.”

मामांना फोन कानाला धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर लावून दिला आणि तिथेच उभी राहिले. नवरा त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता. आबा, ती एकटी आहे. आबा, मुलं येतात घरात. आबा, जे दिलंय ते वापरायचं, लाजायचं काय त्यात?

मामा फोन दोन्ही हातांत धरून समोरच्या टाकीकडे बघत होते. “व्हय,” म्हणाले. “व्हय. वापरतो की.” आणि मला फोन परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला चार दिस लेकीकडं मोहोळला सोड.”

मी नको म्हणायला हवं होतं. निदान तोंडदेखलं. मी म्हटलं, “जाऊन या. तुम्हालाही बदल होईल.” दुसऱ्या दिवशी त्यांना एसटीत बसवून दिलं. त्यांनी आपली घोंगडी सोबत घेतली. ती ते गावाहून येताना घेऊन आले होते आणि सोलापुरात कधी उलगडलीसुद्धा नव्हती. मोहोळला नणंद स्टँडवर येऊन त्यांना घेऊन गेली.

घरी येऊन मी कॉट उभी करून सगळा हॉल धुतला. पाण्याचा विचार केला नाही. गादी उन्हात टाकली. दारं-खिडक्या उघड्या ठेवून पंखा फिरवला. संध्याकाळी फरशी खडखडीत कोरडी झाली. वासही गेल्यासारखा वाटला. मी निवांत झोपले, हेही सांगायला हवं.

सकाळी हॉलमध्ये आले तर कॉट होती तिथे फरशी ओली.

मी हातात झाडू घेऊन नुसती उभी राहिले. आधी वाटलं धुतल्याचं पाणी राहिलं असेल. फडक्याने पुसलं, बसून बघत राहिले. स्टँडच्या मागच्या पायाजवळून पाण्याची एक बारीक रेघ निघाली आणि फरशीच्या उतारावरून कॉटच्या जागेकडे यायला लागली. मी भिंत आणि टाकी यांच्यामधल्या फटीत हात घातला. काचेचा मागचा खालचा कोपरा ओला होता. बोटं नाकाशी आणली. तोच वास, शिळा, कुबट, शेवाळाचा.

टाकीतलं पाणी कमी होत होतं, ते मी बघतच होते. तांब्याने भर घालत होते. ऊन चढलंय, उघडं पाणी आटणारच, असं मनाशी म्हणत होते. पाणी गेलं कुठं, हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण फरशीवरच्या पाण्याला मी आधीच मालक शोधून दिला होता.

मी तिथेच बसले. मला त्यांचा पाठीमागे धरलेला टॉवेल दिसत होता.

नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरं. आता आबांना नको सांगूस. उगाच वाईट वाटेल. तू टाकी दुरुस्त करून घे, मग त्यांना आण. फरशी कोरडी राहिली की त्यांना वाटेल आपल्याला बरं वाटलं.”

हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं! माझ्याही मनात तेच होतं, फक्त ते त्याच्या तोंडून यायची वाट होती.

म्हणून पहिली दुरुस्ती मी चोरासारखी घाईने केली. मासे धुण्याच्या टबात सोडले, त्यात हवेच्या पंपाची नळी टाकली. टाकीतलं पाणी बादलीने काढून कुंड्यांना घातलं. माशांच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन आणली. दुकानदाराने बजावलं होतं की बाथरूमचं सिलिकॉन लावू नका, त्यात बुरशीचं औषध असतं, मासे मरतात. तेवढं मी पाळलं. बाकी मात्र, गळणारा कोपरा फडक्याने पुसला आणि जुन्या सिलिकॉनवरच नवं थापलं. व्हिनेगरसारखा उग्र वास घरभर पसरला. एक दिवस कसाबसा वाळू दिलं, टाकीखाली वर्तमानपत्र पसरून पाणी भरलं. सकाळी वर्तमानपत्र भिजून फरशीला चिकटलेलं होतं.

त्याच सकाळी नणंदेचा फोन आला.

“वहिनी, आबांचं काय झालंय? हितं आल्यापासून घरात झोपत न्हाईत. शेळ्यांच्या गोठ्यात घोंगडी टाकून झोपतात. पाणी पीत न्हाईत. आन् पहाटे उठून बसतात आन् हातानं खालची भुई चाचपत्यात. म्या इचारलं तर म्हनत्यात, काय न्हाय, बगतोय.”

“ओलं असतं का?” मी विचारलं.

“काय ओलं?”

मी फोन ठेवला आणि दुपारच्या एसटीने मोहोळला गेले.

मामा गोठ्याच्या दाराशी शेवग्याच्या सावलीत बसले होते. ओठ फुटलेले. मला बघून धडपडत उठायला लागले. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. एसटीत मी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“मामा, ते तुमचं नव्हतं,” मी म्हटलं. “घरातली ओल. टाकी गळत होती.”

“कंची टाकी?”

“माशांची. मागून गळत होती. पाणी कॉटखाली येत होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “समदी येळ?”

“हो. पहिल्या दिवसापासून.”

एक शेळी त्यांच्या धोतराचा सोगा चावत होती. त्यांनी तिचं तोंड हळूच बाजूला केलं. “मला वाटायचं, ते कागदाचं नीट बांदायला जमंना मला,” ते म्हणाले. “आत कोरडं आन् भायेर ओलं. म्हनलं, हे कसं?”

मी रडायला लागले. मला वाटलं ते रागावतील किंवा ‘जाऊ दे पोरी’ म्हणतील. दोन्ही त्यांनी केलं नाही. त्यांनी विचारलं, “त्या पोरीच्या आईला सांगितलंस का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मान वर करता येईना. ते त्या दुपारी जागे होते.

“नाही,” मी म्हटलं. “सांगते.”

“सांग,” ते म्हणाले. एवढंच. आणि नणंदेला हाक मारून पाणी मागितलं. मोठा तांब्याभर पाणी त्यांनी मान वर करून, न थांबता प्यायलं.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी सोलापूरला आलो. आता टाकी नीट दुरुस्त करायची होती. मी मोबाईलवर शोधून दोन-तीन व्हिडिओ बघितले, तेव्हा कळलं की जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. आतल्या सगळ्या कोपऱ्यांतलं जुनं मुळापासून खरवडून काढावं लागतं. मी ब्लेड घेऊन बसले. मामा कॉटवरून बघत होते. थोड्या वेळाने खाली उतरून शेजारी बसले. मी ब्लेडने कापत जायची आणि काचेला चिकटून राहिलेले बारीक दोरे ते नखांनी ओढून काढायचे.

“मेंढीच्या अंगावरचं गोचीड काडल्यागत हाय की ह्ये,” ते म्हणाले.

सोलापूरला परत आल्यावरचं त्यांचं ते पहिलंच वाक्य, जे कुणी न विचारता आलं. मी हसले नाही. मला हसायचा हक्क नाही असं वाटत होतं.

काच स्पिरिटने पुसली. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेपच्या पट्ट्या लावल्या, मधे सिलिकॉनची एकसारखी रेघ सोडली, आणि ओल्या बोटाने ती दाबत नेली. सिलिकॉन सुकायला लागायच्या आत टेप काढावी लागते. माझे हात भरलेले होते, म्हणून टेप मामांनी काढली. त्यांचा हात थोडा थरथरतो. दोन ठिकाणी रेघ वाकडी झाली. ते ओशाळून माझ्याकडे बघायला लागले. “असू दे, असू दे,” मी घाईघाईने म्हटलं आणि माझ्याच आवाजाची मला लाज वाटली. इतकं गोड मी त्यांच्याशी आधी कधी बोलले होते?

या वेळी मी आठवडाभर टाकीला हात लावला नाही. मासे टबात होते. मामा त्यांना दोन वेळा खाणं घालायचे.

त्याच आठवड्यात ती मुलीची आई आली. मामा कॉटवर बसले होते, दाराकडे तोंड करून. मला तिला बाहेर पायरीवर नेऊन सांगता आलं असतं. मी दारात उभी राहिले आणि आतल्या मुलांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, “ताई, तुम्ही मागं विचारलं होतं ना, वास कसला येतोय?”

ती गोंधळली. “कसला वास, काकू?”

तिला काही आठवत नव्हतं. मी जे एवढे दिवस छातीवर धोंड्यासारखं घेऊन फिरत होते, ते ती त्याच दिवशी रस्त्यात विसरून गेली होती. आता मलाच तिला सगळं आठवून द्यावं लागलं. तुम्ही वास म्हणालात, मी मामांचं नाव घेतलं, पण ते त्यांचं नव्हतं, माशांची टाकी गळत होती, मी न बघता बोलले. मुलं पेन्सिली थांबवून ऐकत होती. ती बिचारी “अहो, मला वाटलंच नाही तसं काही” असं म्हणत मागे सरकत होती. मग तिने आत मामांकडे बघून, काय करावं न सुचून, हात जोडले. मामांनीही जोडले.

ती गेली. मी पुन्हा गणितं घ्यायला बसले. फळ्यावरचे आकडे मला दिसत नव्हते.

टाकीत पाणी भरलं तेव्हा मामा खाली पसरलेल्या वर्तमानपत्राजवळ बसून राहिले. थोड्या थोड्या वेळाने कागदावर तळहात फिरवायचे. मी म्हटलं, “मामा, तुम्ही आराम करा, मी बघते.” ते म्हणाले, “मला बगू दे.” दोन दिवस कागद कोरडा राहिला. मग आम्ही मासे सोडले. टबातून टाकीत जाताना एक मासा मामांच्या ओंजळीतून निसटून फरशीवर पडला. दोघांचीही तारांबळ उडाली आणि त्या गडबडीत का होईना, आम्ही दोघं हसलो.

नवरा त्या रविवारी आला. येताना गूळ आणला होता, तो वडिलांपुढे ठेवला, गावाकडे पाऊस कधी येईल याची चर्चा केली. दुपारी ते झोपले तेव्हा कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसला आणि त्यांच्या पायावरची माशी हाकलत राहिला. मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. मी तिथं गेले नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. एका सकाळी मी दूध तापवत होते, तेव्हा हॉलमधून हाक आली. मामांनी मला कधी अशी मोठ्याने हाक मारली नव्हती. मी धावत गेले. ते कॉटच्या कडेला बसलेले, धोतर ओलं, फरशी ओली. मी न विचारता टाकीच्या मागच्या कोपऱ्याकडे वाकले.

“तितं बगू नगंस,” ते म्हणाले. “आज माजंच हाय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होते, जरा वैतागून, पाय वर धरून.

मी गरम पाणी काढून दिलं, धोतर आणून दिलं आणि फरशी पुसायला बसले. त्यांनी बाथरूममधून ओरडून विचारलं की दूध उतू गेलं का. गेलं होतं. शेगडीभर सांडलं होतं. मी “नाही” म्हटलं आणि लगेच “हो, गेलं” असं म्हटलं.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिने टाकीच्या कोपऱ्यातली वाकडी रेघ बघून विचारलं, “आई, हे कुणी केलं?” मी म्हटलं, मी आणि आजोबांनी. कशी गळायला लागली, केव्हा कळलं, असं ती विचारत होती. मामा शेजारीच भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी सांगायला सुरुवात केली आणि कॉटखालच्या ओलीपर्यंत येऊन थांबले. पुढचं तोंडातून निघेना. मामांनी फोडलेले दाणे तिच्या हातावर ठेवले आणि ते उठून पायरीवर जाऊन बसले, मला बोलायला मोकळीक द्यावी तसे.